सासूबाईंच्या दगडासाठी भिंग

नव्वदी झाली की आपला दगड तयार पाहिजे, असं तासोबाईंनी रविवारी खाचापुरीचा, चीज भरलेल्या रोटीचा, तुकडा मोडता मोडता जाहीर केलं.

तिबिलिसीत असल्या बोलण्यानं कुणाचा घास अडकत नाही. माणूस गेला की थडग्यावर काळा दगड उभा राहतो आणि त्या दगडावर फोटोवरून माणूस कोरतात, अगदी बुटांच्या नाड्यांसकट. ज्याला अक्कल आहे तो आपला फोटो जिवंतपणीच निवडून ठेवतो. नाही ठेवला, तर पोरं पासपोर्टातला देऊन मोकळी होतात, आणि मग जगबुडी होईपर्यंत माणूस तिथं विमानतळावर अडवून ठेवल्यासारखा उभा.

तासोबाईंची अडचण जरा वेगळी होती. त्यांचे यजमान शाल्वा ऐन चाळिशीत गेले. डोंगरावरच्या दफनभूमीत त्यांचा दगड कधीचा उभा आहे. एक हात खिशात, दुसऱ्या हातात सिगारेट, ओठांच्या कोपऱ्यात हसू, आणि शेजारची जागा मोकळी.

"त्याच्या शेजारी मी अशी उभी राहिले," तासोबाई म्हणाल्या, "तर येणारे-जाणारे म्हणतील, बघा, पोराला घेऊन आई आलीय."

त्यांच्या मुलानं, झाउरनं, लगेच खिशातून फोन काढला. झाउरचं फोनचं दुकान आहे. त्यामुळे जगात फोननं होत नाही असं काही असतं यावर त्याचा विश्वास नाही. त्यानं आईचा फोटो काढला, त्यावर दोनदा बोट फिरवलं आणि पुढं धरला. "घे आई. तीस वर्षं पुसून टाकली."

तासोबाईंनी चष्मा लावला. "हे उकडलेलं अंडं कुणाचं?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो जावई, अंझोर. तिथंच त्याचं चुकलं.

"हसा दाजी, हसा," झाउर म्हणाला. "तुम्ही काढून दाखवा ना. पण नकाशा काढण्याइतकं सोपं नसतं ते. डोंगर बिचारा हलत नाही."

आता, अंझोरनं सारी नोकरी मोजणी खात्यात नकाशे काढण्यात घालवली होती. त्याला कुणी कंजूष म्हणावं, टकल्या म्हणावं, तो ऐकून घेई. नकाशाबद्दल मात्र बोलायचं काम नाही. तो उठला. भिंतीवरचं बैलाचं शिंग त्यानं काढलं, काठोकाठ वाइननं भरलं आणि म्हणाला, "आईंचा दगडाचा फोटो मी काढणार. फोनवर नाही, खऱ्या काचेतून. नव्वदीच्या पंगतीत, सगळ्यांच्या देखत." आणि एका दमात शिंग रिकामं केलं. शिंग खाली ठेवता येत नाही, सांडतं. तसाच शिंग हातात धरून दिलेला शब्दही खाली ठेवता येत नाही. त्यातून सोडवण्याची ताकद पाद्र्यातही नाही.

"त्या शिंगात वाइन होती," रात्री त्याची बायको लामारा म्हणाली. "अक्कल नव्हती."

कॅमेरा घरात होता. मुलगी पोलंडला गेली तेव्हा ठेवून गेलेली. चांगला, वजनदार, पोटात आरसा असलेला. फक्त त्याची लेन्स नववर्षाच्या जेवणात राजम्याच्या उकळत्या भांड्यात पडली होती आणि राजम्याबरोबरच शिजली होती. नव्या लेन्सचा भाव विचारायला अंझोर दुकानात गेला, आणि देवळातून यावं तसा टोपी हातात घेऊन बाहेर आला. मग उरला सुका पूल, जुन्या वस्तूंचा बाजार.

त्या पुलाखालचं पाणी कधीच आटलं, पण वरून वाहायचं ते अजून वाहतं. मेलेल्या सेनापतींची पदकं, मेलेल्या डॉक्टरांच्या सुया, कुणाच्या तरी आजीचा चहाचा समोवार. आणि चादरींवर ओळीनं मांडलेल्या, वर डोळे करून पडलेल्या जुन्या लेन्सा. बाजारातल्या माशांसारख्या. ताजी कुठली आणि शिळी कुठली, हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

ओळखायचं कसं, हे अंझोरला निघायच्या आधीच आख्ख्या अंगणानं शिकवलं होतं. अंगण म्हणजे चार बाजूंनी लाकडी सज्जे आणि मधे तुतीचं झाड. तिथं कुणी शिंकलं तर चार मजल्यांवरून औषध येतं. वरच्या सज्ज्यातून त्सियालाबाई म्हणाल्या, "अंझोरभाऊ, कानाशी धरून हलवा. खुळखुळली तर ठेवून द्या. माझी नणंद कलिंगड असंच घेते."

"कलिंगड खुळखुळत नाही," अंझोर म्हणाला.

"म्हणूनच घेते ना."

खालच्या खोलीतला रेवाझ मात्र जाणकार. विमानाच्या कारखान्यात इंजिनियर होता. त्यानं उघडलेली वस्तू पुन्हा बंद झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही, पण उघडणं हेही ज्ञानच आहे. तो म्हणाला, "उन्हाकडे धरून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्यांवर तेल चकाकलं तर त्या चिकटणार. नजर जुळवायचं कडं फिरवून बघ, अडलं तर ग्रीस सुकलंय. आणि अंगावर नंबर असतो, त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे जन्माचं साल." हे सगळं अगदी खरं होतं. रेवाझनं सगळं सांगितलं. सांगायचं होतं तेवढं एक सोडून.

पुलावर सेरोझा नावाचा म्हातारा आपल्या गाडीच्या टपावर दुकान मांडून बसलेला. "या, गेनात्सवाले, या माझे राजे, हात लावा. हात लावायला पैसे पडत नाहीत."

अंझोरनं एक चंदेरी लेन्स उचलली. नाजूक, गोल, दागिन्यासारखी. अंगावर रशियन अक्षरात लिहिलेलं, युपिटर.

"नजर आहे तुमची," सेरोझा म्हणाला. "ह्या काचेनं अंतराळवीरांचे फोटो काढलेत."

"कोणत्या?"

"जे परत आले त्यांचे."

अंझोरनं ती हलवली. खुळखुळली नाही. उन्हाकडे धरली. जाळं नाही. पाकळ्या कोरड्या, कडं लोण्यासारखं फिरतंय. आणि नंबराचे पहिले दोन आकडे बघून तर त्याला भरून आलं. त्याच्या लग्नाचं साल! हा दैवाचा कौल समजून त्यानं दोन किलो चांगल्या चीजच्या भावात लेन्स घेतली.

"त्या सालात सुरू झालेलं," लामारा म्हणाली, "काहीच धड चाललेलं नाही."

आता जुन्या लेन्सेला आटे असतात, नव्या कॅमेऱ्याला खाचा असतात. दोघांचं जमवायला मधे एक धातूचं कडं लागतं. ते कडं परदेशातून मागवावं लागलं, आणि ते आलं ते थेट कस्टमच्या खिडकीत अडकलं. खिडकीत निळ्या नखांची एक पोरगी बसली होती. पाकिटावर लिहिलेलं, धातूचं, आटे असलेलं, प्रकाशयंत्राचा भाग. तिनं तेवढंच वाचलं आणि अंझोरकडे असं बघितलं की जणू त्याच्या घरी माळ्यावर तोफ आहे.

"हे बंदुकीच्या दुर्बिणीचं दिसतंय."

"कॅमेऱ्याचं कडं आहे, बाई."

"यातून काय दिसतं?"

"कडं आहे! मधे भोक आहे. त्यातून तुम्ही दिसताय."

तिनं लिहून घेतलं, 'टेहळणीसाठी'.

झालं. टेहळणीची खिडकी वेगळी, मजला वेगळा, आणि तिथला साहेब जेवायला गेलेला. साहेब जेवून आला तेव्हा त्यानं सांगितलं की कडं कॅमेऱ्याचं असेल तर कॅमेरा आणून सिद्ध करा. अंझोर म्हणाला, "करतो." तो कुणालाही न घाबरता घरी गेला आणि कॅमेरा, लेन्स घेऊन आला. तिथंच खिडकीवर त्यानं कडं बसवलं, त्यात लेन्स फिरवली, आणि त्या पोरीला म्हणाला, "हसा."

ती हसली. अंझोरनं डोळा लावला. समोर धुकं. त्यानं लेन्सचं कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. धुकं जाईना.

"मी कुठाय?" कॅमेऱ्याचा पडदा बघून पोरगी म्हणाली.

"त्या धुक्यात. थांबा, जरा जवळ येतो."

तो जवळ गेला. धुकं. अजून जवळ गेला. खिडकीत डोकं घातलं. मागं रांगेत कुजबुज सुरू झाली, पहारेकरी उठून उभा राहिला. अंझोर सरकत सरकत इतका आत गेला की लेन्स त्या पोरीच्या हाताला टेकायला आली, आणि तेव्हा एकदम, पाण्यातून वर यावं तसं, तिचं करंगळीचं नख दिसलं. निळंशार, काठाला एक टवका उडालेलं, आणि त्या टवक्यात ट्यूबलाइटचं चांदणं. असं नख त्या कचेरीत कुणी कधी पाहिलं नसेल.

साहेबानं पडदा पाहिला. नख पाहिलं. अंझोरला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोडा यांचं पाकीट," तो म्हणाला. "ह्यातून हे कुणावर नेम धरू शकणार नाहीत."

सरकारनं तुमची निर्दोष सुटका करावी, आणि ती अशा कारणानं करावी! अंझोर तणतणत घरी आला. अंगणात त्यानं कॅमेरा रेवाझच्या पुढं ठेवला. रेवाझनं एका क्षणात सांगितलं.

"अरे हो. ही दुसऱ्या जातीची. जिचा हिला जन्म, त्या जातीचा कॅमेरा चपटा असतो, पोटात आरसा नसतो, म्हणून लेन्स आत चिकटून बसते. तुझ्या कॅमेऱ्यात आरसा आहे, तेवढी ही लांब राहिली. आटे जमले म्हणून कुंडली जमत नाही. दोन बोटांपलीकडचं हिला आता जन्मात दिसायचं नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू बुरशीचं विचारलंस. मी बुरशीचं सांगितलं."

अंगणातली बातमी अंगणात राहते असं फक्त अंगणाबाहेरची माणसं मानतात. संध्याकाळी झाउरचा फोन आला. "दाजी, असं ऐकलं की आईच्या दगडावर नुसतं नख कोरायचंय?"

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. अंझोरनं टोपी घातली आणि पुलावर गेला.

"ह्या लेन्सेला लांबचं दिसत नाही!"

"गेनात्सवाले," सेरोझा शांतपणे म्हणाला, "ह्या वयात मलाही दिसत नाही. म्हणून मला कुणी परत केलं का?"

"पैसे परत दे."

"काचेत खोट दाखवा, देतो. खोट तुमच्या कॅमेऱ्याच्या पोटात आहे. पोट सुटलंय त्याचं."

लोक जमले. अर्धे अंझोरच्या बाजूनं, अर्धे काचेच्या. पदकं विकणाऱ्या बाईनं दोघांच्याही आईचा उद्धार केला. शेवटी अंझोर गाडीच्या टपावर लेन्स ठेवून तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो म्हणे, "हिला लांबचं दिसत नाही बरं का." तासाभरात सेरोझानं हात जोडले. चंदेरी घेतली आणि एक काळी, जड, ठोकळ्यासारखी दिली, आरशाच्या कॅमेऱ्याची पण त्याच आट्यांची. तिचं नाव हेलिओस. वर एक पदकही दिलं, दुधाचं उत्पादन वाढवल्याबद्दलचं. "हे घ्या आणि माझ्या डोळ्यांसमोरून जा."

ह्या लेन्सेला लांबचं दिसत होतं. घरासमोरच्या टेकडीवरचं प्रार्थनाघर दिसलं, त्यावरचा क्रूस दिसला, क्रूसावरचा कावळा दिसला. पण कावळ्यावरून तुतीच्या झाडावर यायचं तर कडं फिरेना. ग्रीस सुकून मेण झालं होतं. लेन्स गुडघ्यांत दाबून, दोन्ही हातांनी पिळावं तेव्हा एक केसभर सरके.

"उघडू," रेवाझ म्हणाला. त्याचे डोळे चमकले.

"बंद होईल का?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

तुतीखालच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. रेवाझनं एकेक कडं सोडवलं, एकेक काच काढून ओळीनं मांडली. जुनं ग्रीस रॉकेलनं पुसलं, नवं लावलं. सगळं कसं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात त्सियालाबाईंनी वरून पावासाठी दोरीची टोपली सोडली. टोपली रोज जिथं उतरते तिथंच उतरली. तिथं आज टेबल होतं, त्याला टोपली काय करणार? काचा टेबलावरून घरंगळल्या.

सगळ्या सापडल्या. एक अंझोरच्या चपलेत, एक कोंबडीच्या पाण्यात, बाकीच्या गवतात. एकीलाही ओरखडा नाही. त्या काळचा माल. प्रश्न एवढाच उरला, की पुढच्या काचेची फुगीर बाजू बाहेर होती की आत?

"बाहेर," रेवाझ म्हणाला.

"आत," त्सियालाबाई वरून म्हणाल्या. "मी वरून बघत होते, वरून जास्त कळतं."

"बघत होतात तर टोपली का सोडलीत?"

"तुमच्या काचा बघत होते. टेबल कुठं बघत होते?"

शेवटी अंगणानं मतदान केलं. आत, असं ठरलं. अंझोर स्वतः आतच्या बाजूनं होता, तेव्हा पुढं त्याला कुणाला बोलायची सोय राहिली नाही. लेन्स बंद झाली. रेवाझच्या आयुष्यात प्रथमच, त्यामुळे त्यानं सगळ्यांना घरची दारू पाजली.

पहिला फोटो कोंबडीचा. मधोमध कोंबडी अशी लख्ख, की पिसं मोजून घ्यावीत. आणि तिच्या भोवती अंगण, जिना, सज्जे, त्सियालाबाईंचं दोरीवरचं धुणं, सगळं गरगर फिरतंय, कपडे धुवायच्या यंत्रात घातल्यासारखं.

"काच उलटी बसली," रेवाझ हळूच म्हणाला. "पुन्हा उघडू?"

"खबरदार," अंझोर म्हणाला. "ही माझी पद्धत आहे."

पंगतीला सारं गोत जमलं. अंगणात लांबच लांब टेबलं, रांजणातली वाइन, आलुबुखाराची आंबट चटणी, डुकराचं भाजलेलं मांस, आणि मांस भरलेल्या मोदकांसारख्या खिंकाली यायच्या होत्या. मधे तासोबाई, काळ्या रेशमी पोशाखात. आणि तमादा कोण? तमादा म्हणजे जो प्याले उचलायला लावतो तो. त्यानं उठून बोलायचं, सगळ्या पुरुषांनी उभं राहायचं, त्याचं संपलं की प्याला तळापर्यंत रिकामा करायचा. नाही करणारा माणूस त्या टेबलाचा शत्रू. तर तमादा होता झाउर.

अंझोरनं कॅमेरा उचलला की झाउर प्याला उचली. देवासाठी. अंझोर प्यायला. देशासाठी. प्यायला. गेलेल्यांसाठी. न पिऊन सांगता कुणाला! त्यानं पुन्हा डोळा लावला, तर झाउर प्रेमानं म्हणाला, "आता आमच्या दाजींसाठी, त्यांच्या काचेसाठी, आणि त्या काचेतून कधीतरी काहीतरी दिसावं यासाठी!" लोक हसले, उभे राहिले, प्यायले. अंझोरही प्यायला. स्वतःच्या अपमानाचा प्याला नाकारायची सोय त्या पंगतीत नाही.

नव्या लेन्सेत यंत्र असतं, ते स्वतः बघून घेतं. माणूस कितीही प्यायलेला असो, लेन्स शुद्धीवर असते. जुन्या लेन्सेत मालकाचा डोळाच चालतो. आणि मालकाच्या डोळ्याला आता दोन तासोबाई दिसत होत्या. एकीला तोंड देता देता जन्म गेला होता. त्यात कॅमेरा ह्या लेन्सेला ओळखतच नव्हता. आकड्याच्या जागी तो सारखी दोन शून्यं दाखवत होता. ती शून्यं लेन्सेला होती की आपल्याला, हे अंझोरला कळेना.

पण माणूस मोजणी खात्यातला. सकाळी, शुद्धीत असताना, त्यानं एक शहाणपणा केला होता. तासोबाईंच्या खुर्चीत उशी ठेवून, तिच्यापासून टेबलाच्या रुंदीवर उभं राहून कडं जुळवलं होतं, आणि तिथं त्सियालाबाईंच्या शिवणाच्या डब्यातली चिकटपट्टी लावून टाकली होती. आता कडं हलवायचंच नाही. आपण फक्त त्या अंतरावर उभं राहायचं.

तो त्या अंतरावर उभा राहिला. फक्त उभं राहणं जमेना. तो झुलत होता. पुढं, मागं, पुढं, मागं, वाऱ्यातल्या सुरूसारखा. काचेत तासोबाई येत होत्या, जात होत्या. अंझोरनं ठरवलं, झुलू दे. कधीतरी बरोबर जागेवरून जाणारच की मी! आणि तो बटण दाबत राहिला.

झाउरनं आईसाठीचा प्याला उचलला होता. त्यानं इतिहासापासून सुरुवात केली. मंगोल आले, इराणी आले, तुर्क आले. प्रत्येक स्वारीत कुठली ना कुठली आई होती. खिंकाली आल्या, वाफाळत्या, आणि कुणाला हात लावता येईना, कारण सगळे उभे होते आणि झाउर अजून तैमूरलंगापर्यंतच आला होता. वाफा विरळ झाल्या. गार खिंकाली हे त्या टेबलावर पाप आहे. झाउरनं खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "आणि आता आईच्या दुधाबद्दल..."

तासोबाई उठल्या. एक हात टेबलावर, दुसऱ्या हाताचं बोट सरळ झाउरच्या छातीवर.

"झाउर! खाली बस! मी दूध पाजलं तेव्हा एवढं बोलले नव्हते! तुझा बाप असाच. तोंड चालू आणि हातात सिगारेट जळतेय. बस म्हणते ना!"

झाउर बसला. सगळे बसले. अंझोर उभाच होता, झुलत आणि बटण दाबत.

सकाळी डोकं ओल्या टॉवेलमध्ये बांधून त्यानं फोटो बघायला घेतले. घरातले सगळे मागं उभे राहिले. एक बुटाचा. एक तुतीच्या फांदीचा. त्सियालाबाईंची हनुवटी, वाइनचं अर्धं मडकं, मग नुसतं धुकं, धुक्यामागून धुकं.

"पुसून टाका दाजी," झाउर म्हणाला. त्याच्या खिशातून फोन अर्धा बाहेर आलेला. "नाहीतरी माझ्याकडे आईचा फोटो आहे."

"उकडलेला," अंझोर म्हणाला, आणि पुढचा काढला.

मधोमध तासोबाई. कपाळावरची प्रत्येक सुरकुती जागच्या जागी, तोंड उघडं, दोन दात, डोळ्यांत जाळ, आणि बोट असं उगारलेलं की बघणाऱ्यानंही पाठ ताठ करावी. आणि त्यांच्या भोवती सगळं गोत, सगळ्या बाटल्या, सगळं अंगण एका भोवऱ्यात फिरतंय, आणि मधे ही बाई खांबासारखी उभी.

झाउरनं फोन खिशात परत सरकवला.

"हे दगडावर?" झाउर म्हणाला. "ही तर भांडतेय! लोक काय म्हणतील? दाजी, शोभतं का?"

"आईच दिसतेय," लामारा म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं नवऱ्याच्या बाजूनं काढलेला हा पहिला शब्द. "मी शाळेतून उशिरा आले की दारात अशीच दिसायची."

अंझोरनं तासोबाईंकडे बघितलं. शब्द त्याचा होता, पण दगड त्यांचा. त्या म्हणाल्या असत्या नको, तर शिंगावरचा शब्द, पूल, कस्टम, सगळं मातीत.

तासोबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. "हात जोडून उभी राहणार होते मी त्याच्या शेजारी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तो तिथं सिगारेट धरून हसतोय, आणि टाक म्हणणारं कुणी नाही. हाच."

"पण आई," झाउर म्हणाला, "तूच म्हणालीस ना, त्याची आई दिसशील म्हणून?"

"दिसू दे. आई दिसले तर ऐकेल तरी."

दगड कोरणारा गिवी हट्टी निघाला. "मी उघडं तोंड कोरत नाही. दात लागतात. दगडावर दात वाईट दिसतात."

"दोनच आहेत," तासोबाई म्हणाल्या. "एवढं काय मोठं काम आहे?"

"दफनभूमीच्या कचेरीला विचारा. चित्र प्रतिष्ठित असावं असा नियम आहे."

अंझोर कचेरीत गेला. आता त्याला कुठल्या खिडकीचं काही वाटेनासं झालं होतं. "तुमच्याकडे एकजण मोटारीसकट उभा आहे," तो म्हणाला. "एकाच्या हातात पत्ते आहेत. आमचे सासरे सिगारेट ओढतायत. आणि रागावलेली बाई चालत नाही? दाखवा नियमात." साहेबानं नियम शोधला. मनाईच्या यादीत दारू होती, हत्यार होतं, राग कुठं नव्हता. अंझोर परवानगी घेऊन आला.

"आणि हे भोवतीचं गरगर?" गिवीनं शेवटचं विचारलं. "तेही कोरायचं?"

"कोर," तासोबाई म्हणाल्या. "त्यात झाउर आहे."

रिवाजाप्रमाणे ईस्टरला सगळे डोंगरावर गेले. दगडांवर वाइन ओतली, लाल अंडी गवतावरून घरंगळवली. शाल्वा होता तिथंच होता, खिशात हात घालून हसत. शेजारी आता तासोबाई. गिवीनं कुरकुर सोडली नव्हती, पण दोन्ही दातांसकट काम चोख केलं होतं, आणि बोट अशा बेतानं कोरलं होतं की ते थेट त्या सिगारेटवर जात होतं. शाल्वाचं हसू तेच होतं. पण आता ते सापडलेल्या माणसाचं हसू वाटत होतं.

पलीकडच्या थडग्यावर आलेली एक बाई नाक मुरडून म्हणाली, "देवाच्या दारात असं ओरडतात का कुणी?"

"ज्याला शोभत नाही," तासोबाई बाकावरून अंडं सोलत म्हणाल्या, "त्यानं आपल्या दगडावर हात जोडून बसावं. जागा पुष्कळ आहे."

झाउर बराच वेळ अंझोरच्या आसपास घुटमळला. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "दाजी, माझाही एखादा काढाल का? कधी वेळ झाला तर."

"बोलतानाचा काढ त्याचा," तासोबाई म्हणाल्या. "गिवीला म्हणावं, दगड लांबीला जास्त घे."

अंझोरनं तासोबाईंना त्यांच्याच दगडाशेजारी उभं केलं आणि काळी लेन्स डोळ्याला लावली. ऊन झाडांतून येत होतं. कडं आता मऊ फिरत होतं, पण त्याला घाई कसली ती माहीत नव्हती. दगडावरची तासो स्पष्ट झाली, खरी पुसट झाली. खरी स्पष्ट झाली, दगडावरची पुसट झाली.

"झालं का रे?"

"थांबा आई. जुळतंय."

"सावकाश फिरव," तासोबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या दगडाला रेलून उभ्या राहिल्या. "मला कुठं जायची घाई आहे?"